अवयव पडत नाहीत

त्या दिवसांत माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. चोवीस वर्षांचं वय, बी.एस्सी.ची ताजी पदवी, धरमपेठेतल्या मुलींच्या शाळेत गणिताच्या बाईंची नोकरी, आणि आपल्याला शिकवता येतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. एखादीला गणित आलं नाही तर दोष तिचा, हे माझ्या लेखी सिद्ध झालेलं प्रमेय होतं. ते मोडलं एका बाईने. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी होती आणि माझी विद्यार्थिनी होती. मी तिला काय शिकवलं आणि ती माझ्याकडून काय शिकली, याचा गोंधळ माझ्या डोक्यातून अजून पुरता गेलेला नाही.

सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल. जूनमधल्या एका रविवारी सकाळी ती आमच्या घरी आली. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींनी तिला पत्ता दिला होता. पायरीवर चपला काढून ती व्हरांड्यात उभी राहिली आणि पिशवीतून मार्कशीट काढून तिने माझ्यासमोर धरली.

"बाकी सगळं निघालं बाई," ती म्हणाली. "इंग्रजीसुद्धा निघालं. हे एक गणित अडून राहिलं. चार मार्कांनी."

मग उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात हेल्पर होता. आदल्या वर्षी काविळीने गेला. तिथल्या साहेबांनी तिला नवऱ्याच्या जागी घ्यायचं कबूल केलं होतं. मॅट्रिक झाली तर ऑफिसात कारकून, नाही झाली तर झाडझुडीला. कारकुनाची जागा ते डिसेंबरपर्यंत थांबवू शकत होते, पुढे नाही. लग्नाआधी ती नववीपर्यंत शिकली होती. म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून मार्चमध्ये ती बाहेरून बसली आणि गणितात अडकली. आता ऑक्टोबरची एकच परीक्षा हातात होती. घरी म्हातारे सासरे आणि त्यांचा हातमाग, एवढंच.

"ऑक्टोबरले निघालं तं खुर्ची," ती म्हणाली, "नाही तं झाडू."

मी म्हटलं, दर रविवारी सकाळी या. फीचं तिने विचारलं तेव्हा मी हात झटकून टाकले. औदार्याचा मला तेव्हा सोस होता.

भूमिती तिला बरी यायची. अडत होतं ते बीजगणित, आणि त्यातही अवयव पाडणं. मी शिकवायला बसले ते मी शिकले होते तसंच. क्ष² + ७क्ष + १२. गुणाकार बारा आणि बेरीज सात येईल अशा दोन संख्या शोधा.

"तीन अन् चार," ती लगेच म्हणाली.

"झालं तर मग!"

"काय झालं?" तिने विचारलं.

मला वाटलं, ती माझी थट्टा करतेय. पण तिचा चेहरा अगदी सरळ होता. मी तीन आणि चार कंसात घालून दाखवले. तिने मान डोलावली, आणि पुढच्या गणितात, क्ष² + ९क्ष + २० मध्ये, (क्ष + ९)(क्ष + २०) असं लिहून मोकळी झाली. वर जे दिसलं ते तिने कंसात भरलं होतं. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. संख्या शोधायला ती माझ्याहून चटपटीत होती, पण त्या कशासाठी शोधायच्या हे तिला कळत नव्हतं, आणि कळल्याशिवाय ते तिच्या डोक्यात टिकत नव्हतं. मी लाल पेन आपटायचे.

चौथ्या रविवारी तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, एक इचारू? मागच्या खेपेस तुम्हीच दोन कंस गुणाले लावले. गुणून हे लांबलचक आलं. आता तेच तोडून पुन्हा दोन कंस करून राहिलो आपण. काहून?"

"परीक्षेत विचारतात म्हणून."

"आम्ही कापड एकदा विणलं का उसवत नाही जी. उसवाचंच होतं तं विणलं काहून?"

खरं सांगायचं तर मी चक्रावलेच. शाळेत, कॉलेजात शेकडो अवयव मी पाडले होते, सगळे बरोबर, पण ते का पाडायचे हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. उत्तर नसलं की माणूस ओरडतो. मी ओरडले. "प्रश्न कमी विचारा आणि गणितं जास्त करा, ऑक्टोबर जवळ आलाय," असं म्हणाले. ती "होय जी" म्हणाली आणि पेन्सिल उचलली. त्यानंतर तिने मला 'काहून' म्हणून कधी विचारलं नाही. मला ते सोयीचं वाटलं.

मग लागोपाठ दोन रविवार ती आलीच नाही. दुसऱ्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तणतणत सायकलरिक्षा केली आणि तांडापेठेत तिचं घर शोधत गेले. म्हणणार होते, आम्ही फुकट शिकवतो म्हणून वेळेला किंमत नाही का? गल्लीतून जाताना बऱ्याच घरांतले माग बंद दिसले. कोणी मागावर वाळवण घातलं होतं, कोणी मुलांची दप्तरं टांगली होती. तिच्या घरातून मात्र खटखट ऐकू येत होती. समोरच्या खोलीत मागावर ती बसली होती. सासरे भिंतीला टेकून चाचपडत कांड्या भरत होते.

"मामाजीच्या डोळ्यांले दिसेनासं झालं बाई," ती माग न थांबवता म्हणाली. "विणकर सोसायटीची पाच लुगड्यांची ऑर्डर घेऊन बसले होते. मी पुरी करून राहिली. चार झाले, हे पाचवं."

माझा राग दारातच ओसरला. म्हाताऱ्यांनी मला खाटेवर बसायला सांगितलं. खाटेवर तिने विणलेलं एक लुगडं घडी करून ठेवलं होतं. जांभळं अंग, लाल काठ, काठाला लागून वळणारा लाल पदर. घडीवर पदराचा कोपरा बरोबर वर आला होता. काठाचा लाल आणि पदराचा लाल एकमेकांवरून गेल्यामुळे तेवढा चौकोन जास्त गडद दिसत होता. मी त्या चौकोनाकडे बघत राहिले आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड आयुष्यात दोन-चार वेळाच पडतो.

"थांबवा तो माग," मी म्हणाले. "वही आणा."

वही नव्हती. मी पिशवीतला खडू काढून फरशीवर चौकोन काढला. "समजा, तुमच्या लुगड्याचं अंग क्ष लांब आणि क्ष रुंद आहे."

"तेवढंच लांब, तेवढंच रुंद?" म्हातारे भिंतीपासून म्हणाले. "मंग रुमाल म्हणा ना मास्तरीणबाई. लुगडं काहून म्हणता?"

"समजा हो मामाजी," मी म्हणाले. आता मला कोणी अडवू शकत नव्हतं. चौकोनाच्या खाली मी तीन रुंदीचा पट्टा काढला. "हा काठ, तीन धाग्यांचा." उजवीकडे चार रुंदीचा पट्टा. "हा पदर, चार धाग्यांचा. आता सगळं कापड मोजा. अंग क्ष². काठ तीनक्ष. पदर चारक्ष. आणि हा कोपरा, जिथे काठ आणि पदर भेटतात तो?"

"तीन चोक बारा," ती म्हणाली. मागावरून ती कधी उतरली हे मला कळलंही नव्हतं. ती माझ्या शेजारी उकिडवी बसून फरशीकडे बघत होती. "क्ष² अन् सातक्ष अन् बारा. आखं कापड झालं हे."

"आणि अवयव म्हणजे?"

तिने बोटाने आधी खालची बाजू मापली, मग उजवी. "त्याची लांबी अन् त्याची रुंदी. माय वं! एवढंच इचारून राहिले का ते? कापड समोर ठेवलं, अन् लांबी-रुंदी किती ते सांग म्हणते? हे तं मामाजी हात लावून सांगतात."

मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. तिला कळलं होतं, आणि तिच्यामुळे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं की अवयव का पाडायचे. मी चित्रात अजून काहीतरी समजावून सांगायला खडू टेकवला, तर तिने माझा हात हलकेच धरला. "राहू द्या बाई. बाकीचं समजलं मले." मला ती माझ्या शिकवण्याची पावती वाटली. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. रंगीत खडूंनी फळ्यावर काढूनही दाखवली. एक महिना माझे पाय जमिनीवर नव्हते.

नंतर तिची गाडी सुसाट सुटली. मी गणित लिहायला घ्यायचे आणि तिचं उत्तर तयार असायचं. वजाबाकीची गणितं मी तिला नियमाने पाठ करायला लावली, तीही तिने केली. त्याच सुमारास मी तिला सांगितलं होतं, की प्रत्येक राशीचे अवयव पडतातच असं नाही. क्ष² + ५क्ष + ७ घ्या, गुणाकार सात आणि बेरीज पाच येईल असं काही जुळतच नाही. अशा वेळी सरळ 'अवयव पडत नाहीत' असं लिहायचं. ती म्हणाली, "होय जी, तसं असतेच."

श्रावणात मी तिची पहिली चाचणी घेतली. दहा गणितं. सहा सोडवली होती, सहाच्या सहा बरोबर. उरलेल्या चारांखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'अवयव पडत नाहीत.'

मला काही उमजेना. कठीण गणितं सोडून दिली असती तर मी समजू शकले असते. पण क्ष² + १४क्ष + ४८ हिने केलं होतं आणि क्ष² + ४क्ष + ३ चे अवयव म्हणे पडत नाहीत! तीन आणि एक! आमच्या आठवीतल्या मुली झोपेत पाडतील.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"याचे नाही पडत बाई."

"पडतात. पुन्हा करा."

ती पुन्हा गणितात शिरली. खूप वेळ लावला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मान हलवली. "नाही पडत जी." आवाजात धिटाई नव्हती आणि शंकाही नव्हती. भात शिजलाय की नाही हे बाई जशी सांगते तसं तिने सांगितलं. मी लाल पेनाने चारही उत्तरं लिहून दिली. तिने ती बराच वेळ पाहिली, वहीत उतरवून घेतली, आणि गेली.

पुढच्या रविवारी नवीन गणितं, आणि त्यातल्या काहींखाली पुन्हा तेच वाक्य. आता माझी झोप उडाली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दोन रांगा केल्या. डावीकडे तिने सोडवलेली, उजवीकडे तिच्या मते न पडणारी. डावीकडे तीन-चार, चार-पाच, दोन-नऊ, सहा-आठ. उजवीकडे एक-तीन, तीन-पाच, पाच-सात, एक-नऊ. शाळेतल्या आमच्या थोरल्या गणिताच्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांना मी कॅलेंडर नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मूळ संख्या दिसल्या की ती गांगरते." मी खूश झाले आणि जिना उतरता उतरता नाराज झाले. नऊ कुठे मूळ संख्या आहे?

दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता मला दिसलं. उजवीकडच्या जोड्यांत दोन्ही संख्या विषम होत्या. डावीकडे एक तरी सम होती. मी उठून नाचायच्या बेतात होते, आणि मग जागच्या जागी थबकले. असेना का विषम. विषम संख्यांशी हिचं वैर काय? मी आईला विचारलं, "विणकरांच्या घरात विषम आकडा अशुभ मानतात का गं?" आई म्हणाली, "काहीतरीच काय! सव्वाचा आहेर, पाच सवाष्णी, एकवीस मोदक. विषम तेच शुभ." तीही वाट बंद झाली.

त्यात भर म्हणजे पुढच्या चाचणीत मी मुद्दाम क्ष² − ८क्ष + १५ घातलं होतं. तिने ते पटकन सोडवलं. (क्ष − ३)(क्ष − ५). तेच तीन, तेच पाच! त्याच्याच खाली क्ष² + ८क्ष + १५ होतं, आणि त्याखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'अवयव पडत नाहीत.' मी हात टेकले. माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलं आहे असं मला वाटायला लागलं. रात्री स्वप्नात कंस दिसायचे, एक उघडा आणि एक बंद.

तिला मी काय म्हणत होते? मी म्हणत होते, पुन्हा करा. आणि ती पुन्हा करत होती.

शेवटी मी शिक्षकाला शोभणारा एक उपाय काढला, म्हणजे मूर्खपणाचा. उजव्या रांगेतली ती आठ-दहा गणितं मी तिला पुन्हा पुन्हा द्यायला लागले. सप्टेंबरच्या अखेरीला ती सगळी बरोबर यायला लागली. मी सुटकेचा श्वास सोडला. जे काय होतं ते गेलं, असं स्वतःला सांगितलं. कॅलेंडर उलटं करून पुन्हा भिंतीला लावलं. तीच तीच गणितं देऊन मी काय तपासत होते, हा प्रश्न मला पडला नाही.

तिचं परीक्षा केंद्र सदरला होतं. गणिताच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. ऊन कडक होतं. घंटा झाली, मुलींचा लोंढा आला, आणि मागून ती आली, हसत. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"निघाला बाई! सगळा पेपर लिहिला. भूमिती पूर्ण, समीकरणं पूर्ण. अवयवाचे दोन होते. एक झालं. दुसऱ्याचे पडतच नव्हते, तं तसं लिहून टाकलं."

मी तिच्या हातातला पेपर हिसकावलाच. क्ष² + १६क्ष + ६३. तीन मार्क. सात आणि नऊ.

तिथे, रस्त्यावर, रिक्षावाले बघत असताना, मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि माझ्या तोंडून तिचाच शब्द निघाला. "काहून? काहून नाही पडत?"

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मला हे माहीत नसेल असं तिला वाटलंच नव्हतं. मग तिने माझा पदर हातात घेतला आणि फुटपाथवरच पसरून धरला, दुकानदार गिऱ्हाईकापुढे धरतो तसा.

"हे पाहा. हा इकडचा काठ. अन् हा तिकडचा. दोन्ही काठ सारखेच लागतात. आता सात अन् नऊ. काठाले सात द्या, तं इकडे साडेतीन अन् तिकडे साडेतीन. नऊ द्या, तं साडेचार. अर्धा धागा कुठून आणू बाई? म्हणून नाही पडत."

"आणि तीन-चार?" मी विचारलं.

"ते बसते ना. काठाले चार. इकडे दोन, तिकडे दोन. पदराले तीन."

"आणि वजाबाकीचं? तीन आणि पाच?"

"वजाबाकीचं लुगडं असते का जी? ते तुम्ही सांगतलं तसं पाठ केलं. अन् ते लाल पेनाचे, तेही पाठ केले. हे त्यात नव्हतं."

मी माझ्याच पदराकडे बघत राहिले. मॅट्रिकपासून रोज साडी नेसत होते. रोज सकाळी निऱ्या घालताना खालचा काठ सारखा करायचे आणि वरचा खांद्यावर आणायचे. साडीला दोन काठ असतात हे मला त्या दिवशी सदरच्या फुटपाथवर कळलं. तांडापेठेत मी घडी पाहिली होती, घडीचा एक कोपरा, आणि तेवढ्यावर चित्र काढून मोकळी झाले होते.

"माझ्या चित्रात एकच काठ होता," मी म्हणाले.

"हो जी. मले वाटलं घाईत तुम्ही अर्धंच काढलं, अन् काठ-पदराचे आकडेही अदलाबदल झाले. म्हणून तं म्हटलं, बाकीचं समजलं."

मग मला सांगावं लागलं, की गणिताला एकच काठ चालतो, आणि सात आणि नऊ लिहायचे होते. तिने पदर हळूच सोडला. पेपर माझ्याकडून घेतला, घडी केली, पिशवीत ठेवला. थोडं अंतर आम्ही बरोबर चाललो. बसस्टॉपपाशी ती म्हणाली, "पण एका काठाचं कोण नेसल, बाई?" ती वाद घालत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. तिची बस आली.

निकाल थंडीत लागला. दोन मार्क कमी पडले.

ती स्वतः येऊन सांगून गेली. मी तिला काय म्हणाले? मी म्हणाले, यंदा पेपर फार कडक तपासले म्हणे. ती "होय जी" म्हणाली. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून दातांत पदर धरून रडले. बाहेर आले तेव्हा ती आईशी तिच्या सासऱ्यांच्या डोळ्यांबद्दल बोलत होती. आपली चूक झाली, हे एक वाक्य मला तिच्यापुढे उच्चारता आलं नाही. माझा राग जितका मोठा होता तितकीच माझी भीतीही मोठी होती, हे मला तेव्हा समजलं.

जानेवारीपासून ती कोराडीला झाडझुडीच्या कामाला लागली. सकाळची बस धरायची, आठाच्या आत ऑफिस झाडायचं, टेबलं पुसायची. तिकडे सगळ्यावर राख बसते. संध्याकाळी पुसलेलं टेबल सकाळी पुन्हा करडं असतं. त्यातलं खिडकीजवळचं एक टेबल कारकुनाचं होतं, आणि तिच्यासाठी थांबवलेल्या त्या जागेवर आता दुसरं माणूस आलं होतं. हे तिने मला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मार्चच्या परीक्षेसाठी ती रविवारी पुन्हा यायला लागली होती, तेव्हा बोलता बोलता सांगितलं. मार्चमध्ये ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. अवयव सगळे बरोबर. पण जागा गेली होती, आणि खालून वर चढायला तिला सात वर्षं लागली. सात वर्षं तिने ते टेबल पुसलं.

या वर्षांत मी वर्गांमागून वर्गांना अवयव शिकवले. लुगड्याचं चित्र पुन्हा कधी काढलं नाही. ते चित्र चूक होतं का? तसं नाही. गणित म्हणून ते अगदी बरोबर होतं. मग चूक तिची होती का? दोन काठ न मोजता लुगडं बघणारी विणकरीण कुठून आणायची? यातलं काही मला नीट सोडवता येत नाही. रात्री पडल्या पडल्या पुन्हा मांडून बघते आणि पुन्हा सोडून देते.

ऐंशीनंतरच्या एका रविवारी ती व्हरांड्यात उभी राहिली. हातात संत्रा बर्फीचा डबा होता. कारकुनाची ऑर्डर मिळाली होती. तेच खिडकीजवळचं टेबल. केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या, चष्मा लागला होता. आईने तिला पाट द्यायला सांगितलं, पण ती पहिल्यासारखीच पायरीच्या कडेला बसली. सासरे गेल्याचं तिने सांगितलं. माग विकला नव्हता, भिंतीला उभा करून ठेवला होता.

बर्फीचा तुकडा मी बशीत परत ठेवला. सात वर्षं जे बोलायचं टाळलं होतं ते शेवटी बोलले. म्हणाले, "चूक माझी होती. तुमची नाही." तिने हात हलवला, माशी वारावी तसा. म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, झालं गेलं." पण मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. मला वाटलं, निदान तिनेही थोडं आपल्या अंगावर घ्यावं, म्हणजे मला जरा हलकं वाटेल. मी म्हणाले, "पण त्या वेळी, श्रावणात, पहिल्याच चाचणीला, तुम्ही मला ते दोन काठांचं सांगितलं का नाही?"

ती हसली. मनापासून हसली, चष्मा काढून पदराने पुसत. त्या पदराला दोन्ही बाजूंनी बारीक हिरवा काठ होता.

"तुम्ही इचारलंच कुठं, बाई?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणत होत्या, पुन्हा करा. तं मी पुन्हा करत होती."